आधी पाणी, मग विस्तव, पाचोळा शेवटी

गेल्या अंकात हे पान कोरं गेलं म्हणून दोघीतिघींनी रागावून लिहिलंय. कबूल. गणपतीला गुहागरला भावाकडे गेले ती दसरा करूनच निघाले. निघाले तेव्हा वाडीखालच्या खाचरांत भात पिवळं पडलं होतं. इथे मिनेसोटात, डुलुथला उतरले तर बर्च पिवळे होऊन निम्मे झडलेले, आणि घरात 12 अंश. बॅगेतली आमसुलं नि मेतकूट काढायच्या आधी हातमोजे शोधावे लागले. त्यामुळे या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यातून मी माझ्या सोयीचीच उचलली आहेत. माहेरून, सासरून, देशातून परत आल्यावर अंगावर येणाऱ्या कामांची.

प्रश्न : मावशी, आम्ही हॉटनला, म्हणजे मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात राहतो. या वसंतात पहिलं घर घेतलं. ऑगस्टअखेर आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेलो, सात आठवड्यांनी परवा परतलो. अंगणात घोट्याएवढा पाचोळा. बागेचा पाइप नळाला तसाच लावलेला. जुन्या मालकाने ठेवलेला स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवायचं यंत्र, आम्ही एकदाही चालू केलेला नाही. बेसमेंटमध्ये गटाराचा वास येतोय. मुलगी तीन वर्षांची, बायकोची ऑफिसं सुरू, आणि पुढच्या आठवड्यात बर्फाचा अंदाज. हातात एक शनिवार-रविवार आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : पत्र छापून येईपर्यंत तुझा शनिवार उलटला असता म्हणून थोडक्यात आधीच कळवलं होतं. आता बाकीच्यांसाठी सविस्तर. तू पाचोळ्यापासून सुरुवात करणार होतास, खरं ना? सगळे तेच करतात, कारण तो दिसतो. पाचोळ्याला काही होत नाही रे. बर्फाखाली गेला तर मे महिन्यात भेटतो, थोडा चिकट होऊन. भिंतीतली नळी फुटली तर मात्र मे महिन्यात निराळंच काही भेटतं.

आमच्या शेजारी एक फिनिश घराण्यातली आजी होती. आमच्या पहिल्या ऑक्टोबरात मी दाताळं घेऊन अंगणात उतरले तशी ती कुंपणापाशी आली आणि तिने मला दाताळं ठेवायला लावलं. तिचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं तर असं : आधी पाणी, मग विस्तव, पाचोळा शेवटी. मी ते ऐकलं आणि दुसऱ्याच वर्षी विसरले. त्या वर्षी आम्ही असेच ऑक्टोबरात देशातून आलो होतो. जेटलॅगमध्ये पाइप नळालाच राहिला.

आता तो नळ कसा असतो ते नीट समजून घे, म्हणजे माझ्यासारखं विसरणार नाहीस. बाहेरच्या नळाची चावी भिंतीबाहेर दिसते, पण पाणी अडवणारी चकती फूटभर आत, घराच्या उबेत असते. चावी बंद केली की मधल्या नळीतलं पाणी बाहेर ओघळून जातं आणि गोठायला काही उरत नाही. पण पाइप लावलेला असला की ते पाणी अडून राहतं. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगतं, आणि तांब्याची नळी काही फुगत नाही. ती उभी चिरते. गंमत अशी की हिवाळाभर काहीच कळत नाही, कारण चीर चकतीच्या बाहेरच्या बाजूला असते. आम्हाला कळलं ते मे महिन्यात, मी टोमॅटोची रोपं लावून हौसेने नळ सोडला तेव्हा. बाहेर थेंब थेंब पाणी, आणि आत बेसमेंटच्या भिंतीतून धार. त्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या खोक्यात सासूबाईंनी माझ्या पहिल्या बाळंतपणाला शिवलेली गोधडी होती, त्यांच्या इरकली लुगड्यांची. लाल रंग उतरून सगळ्या टाक्यांवर पसरला. ती मी अजून ठेवली आहे. ऑक्टोबर लागला की काढते, आणि थेट बाहेर जाऊन पाइप सोडवते.

तर पाइप काढ, उतारावर पसरून रिकामा कर, गुंडाळून गॅरेजात टाक. नळाला आतून वेगळी चावी असेल तर ती बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेव. पावसाचं पाणी साठवायचं पिंप उपडं कर. गटाराच्या वासाला घाबरू नकोस, प्लंबरलाही बोलावू नकोस. बेसमेंटच्या जमिनीत मोरीचं भोक असतं ना, त्याखालच्या वाकड्या नळीत कायम थोडं पाणी उभं असतं आणि तेच वास अडवतं. सात आठवड्यांत ते वाळलं. एक बादली पाणी ओत. न वापरलेल्या बेसिनांतही तांब्याभर. दुसऱ्या दिवशीही वास राहिला तर मग बोलाव.

शनिवारी दुपारी विस्तव. फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, फिल्टर बदल आणि थर्मोस्टॅट वर करून अर्धा तास चालू ठेव. पहिल्या दिवशी धूळ जळाल्याचा वास येतो, तो चालतो. घराबाहेर जिथे फर्नेसचा धूर सोडणारी नळी निघते तिथे पाचोळा किंवा घरटं अडकलेलं नाही ना, हे हाताने चाचपून बघ. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपास. मिनेसोटात झोपायच्या प्रत्येक खोलीपासून 10 फुटांच्या आत तो असावा असा कायदाच आहे. तुझ्याकडचा नियम काही का असेना, मुलीच्या खोलीबाहेर एक हवाच. या वायूला वास नसतो, म्हणून या कामात उद्या नाही.

स्नोब्लोअर रविवारी सकाळी, बर्फ पडायच्या आत. जुनं पेट्रोल टाकीत असेल तर ते काढून ताजं घाल. महिनोन्महिने राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजवतं. सुरू झाला तर दहा मिनिटं चालव. पुढच्या फिरत्या पात्यांना दांड्याशी जोडणाऱ्या शीअर पिना मुद्दाम कच्च्या केलेल्या असतात. दगड अडकला की पीन तुटते, यंत्र वाचतं. त्या दोन-चार जास्तीच्या आणून ठेव. तोंडात बर्फ अडकला तर यंत्र बंद करून काठीने काढायचा. हात घालायचा नाही. बंद यंत्राच्या पात्यातही ताण राहिलेला असतो, आणि दर हिवाळ्यात कुणाची तरी बोटं त्यापायी जातात.

आणखी एक काम नवे लोक हमखास विसरतात. ड्राइव्हवेच्या कडेने खुणेच्या काठ्या रोवायच्या, जमीन मऊ आहे तोवरच. आमच्या उत्तर मिनेसोटात घराचा पाया 60 इंच खाली न्यावा लागतो, जमीन तेवढी खोल गोठू शकते म्हणून. डिसेंबरात काठी रोवायला गेलास तर काठी मोडेल. आणि तुमच्या हॉटनला वर्षाला 200 इंचांच्या आसपास बर्फ पडतो, तेव्हा काठ्या चांगल्या खांद्याएवढ्या घे.

हे सगळं आम्हा कोकणातल्यांना नवं नाही. मिरग लागायच्या आत घर शाकारायचं, पडवीला झाप बांधायचे, लाकडं खोपीत रचायची, मीठ-मिरची भरून ठेवायची, याला आम्ही आगोट म्हणतो. वडिलांची आगोट अगदी शिस्तीची असे. फरक एवढाच की मिरगाची तारीख ठरलेली, पावसाची मागेपुढे चार-आठ दिवसांची. इथला बर्फ असा नेमाने येत नाही. 1991 साली हॅलोविनच्या वादळात डुलुथला 36.9 इंच बर्फ पडला. आम्ही नंतर आलो, पण इथले लोक अजून त्या बर्फाची गोष्ट सांगतात. भुतांचे कपडे घालून गोळ्या मागायला निघालेली पोरं गुडघाभर बर्फातून घरी आणली.

पन्हळी साफ करणं जमलं तर रविवारी दुपारी, कुणीतरी शिडी धरायला असेल तरच. पाचोळा उरलाच तर त्यावरून लॉनमोअर फिरव. बारीक चुरा होऊन गवताला खतच मिळतं. तीन वर्षांच्या मुलीसाठी एक ढीग मात्र तसाच ठेव, तिला त्यात उड्या मारायच्या असतील.

आणि हो, पहाटे तीनला जाग येते म्हणून चिडू नकोस. जेटलॅगचे चार-पाच दिवस म्हणजे बिनआवाजाच्या कामांना मिळालेला वेळ. मी त्या वेळात खिडक्यांच्या फटी बुजवते. केस वाळवायच्या यंत्राने प्लास्टिकचा पडदा चौकटीवर ताणून बसवायचा. यंत्राचा तेवढा आवाज होतो, पण आमच्या यांना त्याने जाग येत नाही. त्यांना कशानेच येत नाही.

प्रश्न : थंडर बे, ऑन्टारिओ इथून लिहितो. नातवाच्या मुंजीला पुण्याला गेलो, मग रमलो, आणि लाकूडफाट्याची बेगमी राहिली. परत आल्यावर घाईने एक कॉर्ड बर्च मागवलं. रचून पाहिलं तर ढीग फारच लहान वाटतो, आणि स्टोव्हमध्ये घातलं की फसफसतं, काच काळी होते. फसवणूक झाली का?

उत्तर : आजोबा, आधी फूटपट्टी घ्या. पूर्ण कॉर्ड म्हणजे 4 फूट रुंद, 4 फूट उंच, 8 फूट लांब अशी दाबून रचलेली रास, 128 घनफूट. तुमच्या ढिगाची उंची आणि लांबी तेवढीच भरून रुंदी एकाच ओंडक्याची, म्हणजे 16 इंचांच्या आसपास असेल, तर तो ‘फेस कॉर्ड’ झाला, पूर्ण कॉर्डचा तिसरा हिस्सा. विकणाऱ्याने कोणत्या अर्थाने ‘कॉर्ड’ म्हटलं ते मला ठाऊक नाही, म्हणून फसवणूक म्हणणार नाही. पुढल्या खेपेला घनफूट विचारा, म्हणजे प्रश्नच मिटला.

फसफसणं ही मात्र जास्त काळजीची गोष्ट. लाकूड ओलं आहे. जाळायचं लाकूड 20 टक्क्यांच्या आत ओलाव्याचं हवं. ते मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण कानही पुरतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. सुकं लाकूड टणत्कार करतं, ओलं ‘धप’ म्हणतं. बर्चची आणखी एक खोड आहे. त्याची साल म्हणजे मेणकापड, आतलं पाणी बाहेर पडू देत नाही. न फोडलेला बर्चचा ओंडका सालीच्या आत सुकण्याऐवजी कुजतो. ऑक्टोबरात आणलेलं ओलं लाकूड या हिवाळ्यात सुकत नाही, कितीही ऊन दाखवलंत तरी. ते सगळं फोडा, जमिनीपासून उचलून फळ्यांवर रचा, डोक्यावरच तेवढं झाका आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या सोडा. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळू नका. आमच्या गावाकडे खोपीला भिंती नसत त्या उगाच नव्हे. पुढच्या वर्षी छान जळेल. यंदासाठी सुकं वेगळं विकत घ्या, खर्च झाला तरी.

आणि काच काळी झाली आहे म्हणजे धुरांड्यातही तेच बसतंय. ओल्या लाकडाच्या गार धुराचा डांबरासारखा थर, क्रिओसोट, आत चिकटतो आणि एक दिवस तोच पेट घेतो. स्टोव्ह पुन्हा पेटवायच्या आधी धुरांडं साफ करून घ्या. स्वतः छपरावर चढू नका, मुंजीत कौतुक करून घेतलेले आजोबा आहात.

एक पदरचं सांगते. लाकूड लांबून आणू नका, लांब नेऊही नका. ॲशच्या झाडांना पोखरणारा हिरवा भुंगा 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. तिथून तो इतका पसरला त्यात सरपणातून झालेल्या त्याच्या प्रवासाचा मोठा वाटा आहे.

प्रश्न : ताई, कढीपत्त्याच्या कुंडीची पानं पिवळी होऊन गळताहेत. मैत्रिणीला पाणी घालायला सांगून मी महिनाभर कोल्हापूरला होते. झाड मेलं तर पुढच्या खेपेला आईकडून फांद्या आणू का? आणि तुळस वाचेल का? वेलीला हिरवे टोमॅटोही खूप राहिलेत. – मिनिआपोलिस

उत्तर : फांद्या आणू नकोस, पानंही नकोत. लिंबू-संत्र्याच्या झाडांना घातक रोग पसरवणारा कीटक कढीपत्त्यावरही जगतो, म्हणून ताजा कढीपत्ता अमेरिकेत आणायला बंदी आहे. विमानतळावर आईच्या हातची पुरचुंडी कचऱ्याच्या पिंपात जाताना बघणं वाईट असतं. एका मैत्रिणीच्या मागे रांगेत उभी राहून मी ते पाहिलं आहे.

झाड बहुतेक मेलेलं नाही, झोपलंय. रात्री 10 अंशांच्या खाली गेल्या की ते आत घ्यायचं असतं, आणि तुझ्या मैत्रिणीला ते कोण सांगणार? आत आण, दक्षिणेच्या खिडकीत ठेव, पाणी निम्म्याहून कमी कर. खोड नखाने किंचित खरवड, खाली हिरवं दिसलं तर मार्चपर्यंत धीर धर. हिवाळ्यात बोडकं झालेलं झाड बघून लोक कळवळ्याने रोज पाणी घालतात आणि मुळं कुजवून मारतात.

तुळशीचा मोह सोड. मंजिऱ्या वाळवून कागदाच्या पुडीत ठेव, एप्रिलमध्ये खिडकीत पेर. माझी सध्याची तुळस कितव्या पिढीची आहे ते मी मोजणं सोडलंय.

टोमॅटोंपैकी जे फिकट, पांढरट हिरवे झालेत ते केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेव, पिकतील. फ्रीजमध्ये नको. लहान, गडद, दगडासारखे आहेत ते कधीच पिकत नाहीत, त्यांची चटणी. फोडी करून थोड्या तेलात हिरव्या मिरच्या आणि भरपूर लसणाबरोबर कडा काळपट होईपर्यंत परत. भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून जाडसर वाट. वरून हिंग-मोहरीची फोडणी. कोल्हापूरची आहेस म्हणजे मिरच्यांचं प्रमाण मी सांगायला नको.

प्रश्न : मी साताऱ्याजवळच्या गावाहून लिहिते. हा अंक मुलीने गेल्या भेटीत आणून दिला. ती उत्तर विस्कॉन्सिनला असते. दोन वर्षांनी येते, महिना राहते, जाताना गाडीत बसेपर्यंत हात सोडत नाही. आणि तिथे पोचली की फोनवर, ‘आई, पाचोळा पडलाय, नंतर बोलते.’ पन्नास वर्षं शेत केलं, कामं मलाही ठाऊक आहेत. तिथे तर सगळी यंत्रं! मग एवढी कसली कामं? दर रविवारी संध्याकाळी साडेसातला फोन येतो, मी देवापाशी दिवा लावून बसते. पण दरसाल दिवाळी झाली की तोही तासभर उशिरा येऊ लागतो. तेव्हा आमची जेवणं असतात. विचारायला अवघड वाटतं. मन उडालं का तिचं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

कामांचं आधी सांगते. तुम्ही शेत केलंत म्हणजे सुगीचे दिवस तुम्हाला ठाऊक आहेत. ज्वारी काढणीला आली आणि आभाळ भरून आलं तर पाहुणा दारात असला तरी आपण शेतात धावतो, त्यात पाहुण्याचा अपमान नसतो. मुलीचं तसं आहे, फक्त काढायला पीक नाही, झाकायला घर आहे. यंत्रं आहेत, पण ती यंत्रं चालवायला, पुसायला, दुरुस्त करायला तीच. गडीमाणूस मिळतो, पण त्याची एका दिवसाची मजुरी ऐकलीत तर तुम्ही तिला स्वतःच कामाला लावाल. त्यात दिवस आखडत जातो. आमच्याकडे डिसेंबरच्या मध्याला उजेड साडेआठ तासांचा, तिच्याकडेही जवळपास तेवढाच. ऑफिसातून येईतो अंधार. म्हणजे अंगणातलं काम जे काही व्हायचं ते शनिवार-रविवारच्या उजेडात, आणि तुमचा फोन पडतो रविवारी.

आणखी एक सांगते, ते माझ्यापुरतं. गुहागरहून आले की पहिले दोन आठवडे मीही भावाला फोन करायचं टाळते. त्याचा आवाज ऐकला की मागे समुद्राची गाज आणि वहिनीची भांडी ऐकू येतात. मग इथल्या घराची शांतता फार मोठी होते. पाचोळा ओढताना दाताळ्याचा आवाज असतो, तेवढाच बरा वाटतो. तुमच्या मुलीचं असंच असेल असं मी म्हणत नाही. पण हात न सोडणारी मुलगी आहे, एवढं तुम्हीच लिहिलंय.

आता तो तास. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सगळी घड्याळं एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे करतात. आपल्याकडे तसं काही नाही. उन्हाळ्यात ती तुमच्या साडेदहा तास मागे असते, हिवाळ्यात साडेअकरा. तुमच्या संध्याकाळी साडेसातला तिचे सकाळचे नऊ वाजलेले असतात. ती रविवारी उठून, चहा करून, बरोबर नवाला फोन लावते. नोव्हेंबरातही ती नवालाच लावते, फक्त तेव्हा तुमच्याकडे साडेआठ झालेले असतात. उशीर तिने केलेला नाही. बहुधा तुमची जेवणं होत असतात हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

तिला सांगा, नोव्हेंबर ते मार्च आठला लाव. उठेल ती. नाहीतरी तेव्हा अंगणात काम नसतं, सगळं बर्फाखाली असतं.